वरचा आवाज

वरुणने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, इथे दोन माणसं आहेत. मी चहाचा कप तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला. शुक्रवारची दुपार होती. जुम्याची नमाज उरकून आम्ही कतारच्या इंडस्ट्रियल एरियात नसरुद्दीनच्या शेडमध्ये जमलो होतो. एरवी या शेडमध्ये एसीचे पत्र्याचे डक्ट बनतात, ठोकाठोकीने कान किटतात. शुक्रवारी सगळं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि उन्हाने तापलेला पत्रा मधूनच आपणहून टक् करून वाजतो. कोपऱ्यात नसरुद्दीनने प्लायवूडची, एका बाजूला काच लावलेली खोली उभी केली आहे, आतून डक्टला लावतात तोच काळा स्पंज चिकटवलेला. हा आमचा स्टुडिओ. वरुण पुण्याचा, पंचेचाळिशीचा, दाढी पिकलेला, मॉलमधल्या कार्यक्रमांचं साउंड बघणारा माणूस. आमच्या प्रेमाखातर शुक्रवार देतो. त्याने आमची तेहतीस वर्षांपूर्वीची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली होती, आणि आता म्हणे असं सॉफ्टवेअर आलंय की जुन्या गाण्यातून गिटार वेगळी, ड्रम वेगळे, गाणाऱ्याचा आवाज वेगळा, असं सगळं सोलून काढता येतं. त्याने आवाज सोलला आणि आत त्याला दोन माणसं सापडली. "खालचा आवाज तुमचा, सर. पण शेवटी ती वर जाणारी किंकाळी आहे ना, तो गळा वेगळा आहे. कोण होतं दुसरं?" नसरुद्दीन गिटारच्या तारा पुसत होता, सदानंद ड्रमच्या स्टुलावर बसून केळं खात होता. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, कुणी नाही, मीच. तेव्हा मी एकच ओळ दोनदा गायचो, एकावर एक. तसं करतातही. आमच्या हेवी मेटल गाण्यांत आवाज भरीव व्हायला गायक स्वतःच स्वतःची जोड देतो. वरुण नुसतं हं म्हणाला आणि पडद्याकडे वळला. मी मात्र पुढचा अर्धा तास घसा खाकरत राहिलो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

घरी, शहरातल्या बिन महमूद भागात, येताना गाडी नसरुद्दीन चालवत होता आणि अखंड बडबडत होता. त्याला वाटत होतं मी दमलोय. मी दमलो नव्हतो, मी चोर होतो आणि तेहतीस वर्षांनी कुणीतरी दार वाजवलं होतं. गिटारवर नसरुद्दीन, ड्रमवर सदानंद, गायला मी, आणि आमच्या बँडचं नाव सुरमा. चिपळूणचा बँड. हे मी ऑफिसात कुणाला सांगत नाही, एस्टिमेशन डिपार्टमेंटचा टकलू म्हातारा एकेकाळी चंदेरी तंग पँट घालून स्टेजवर उड्या मारत होता हे कोण मानणार. इनायाने, माझ्या मुलीने, इंटरनेटवर आमचा फोटो बघितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अब्बा, यू वेअर लिपस्टिक?" हो बाई, लावायचो. परदेशी मासिकांतले ते केस फुगवलेले, गाल रंगवलेले मेटलवाले बघून आम्ही खुळावलो होतो, पण गाल रंगवायचे कसे हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं सुदामला. सुदाम आमच्या गावाशेजारचा, शिमग्यात नमनाचा खेळ व्हायचा त्यात गवळण व्हायचा. पावडर कितपत, लाली कुठवर, काजळाची रेघ डोळ्याबाहेर किती ओढायची, हे त्याच्या बोटात होतं. त्याने आमच्या डोळ्यांत माझ्या अम्मीचा सुरमा घातला, त्यावरून बँडचं नाव पडलं. लोकांना वाटलं आम्ही अमेरिकेची नक्कल करतोय. खरं तर आम्ही तिघं गवळणीच होतो, फक्त इलेक्ट्रिक.

ब्याण्णवच्या मे महिन्यात आम्ही कोल्हापूरच्या एका स्टुडिओत कॅसेट करायला गेलो. रेकॉर्डिंगला मेकअप लागत नाही हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. सुदाम रंगाची पेटी घेऊन एसटीने आमच्याबरोबर आला, पहाटे उठून त्याने तिघांना रंगवलं, आणि चंदेरी पँटी घालून आम्ही स्टुडिओच्या पायऱ्या चढलो तेव्हा तिथला म्हातारा रेकॉर्डिस्ट खोकत खोकत हसला होता. सुदामने तर स्वतःलाही रंगवलं होतं. एकटाच कोरा कसा राहू, म्हणाला. शेवटचं गाणं होतं 'उजेड घे तोंडावर', त्याच्या शेवटी आवाज एकदम वर न्यायचा होता आणि तिथेच धरून ठेवायचा होता. तोवर माझा गळा पार बसला होता. पंधरा वेळा केलं, पंधरा वेळा फाटका पत्रा वाजावा तसं वाजलं. नसरुद्दीन आणि सदानंद वैतागून जेवायला गेले. म्हातारा म्हणाला, जोडीला कुणाला तरी उभं कर, आवाज झाकला जाईल. कुणाला करणार? सुदाम होता. हेडफोन एकच होता, त्याचं एक कानपट मी धरलं, एक त्याने धरलं. खांद्याला खांदा लावून एका माइकसमोर उभे राहिलो, डोळे मिटले आणि गायलो. तो सूर आला. वर गेला, आणि वर गेल्यावर तिथे आपलं घर असल्यासारखा राहिला. माझ्या गळ्यातून तो आला नव्हता, हे मला शपथेवर माहीत होतं. माझ्या छातीत तेव्हा नुसती खरखर होती. मी डोळे उघडले तर सुदाम रडत होता, काजळ गालावर उतरलेलं. मी त्याला मिठी मारली. एवढ्यात दोघं परत आले, म्हाताऱ्याने टेप लावली, नसरुद्दीनने ऐकलं आणि मला उचलून गरागरा फिरवलं. मी काही बोललो नाही. सुदामही बोलला नाही. कॅसेटच्या कागदावर छापून आलं, गायक मुनाफ, बस्स.

पुढे गणेशोत्सवात, कॉलेजांत कार्यक्रम झाले. ती जागा आली की मी माइक लोकांसमोर धरायचो आणि लोकच ओरडायचे. पहिल्या वर्षी ते खपलं. दुसऱ्या वर्षी मला रात्रीची झोप येईना. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण मूठ झाकून माणूस किती दिवस जेवणार? मी गाणंच सोडलं. घसा बिघडला म्हणून सांगितलं, बँड मोडला, नोकरी धरली, मग कतार. तेव्हापासून मी न्हाणीघरातसुद्धा गुणगुणलो नाही. उजमाशी लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्या बायकोने माझा गाता आवाज ऐकलेला नाही. लोकांना वाटतं मी धार्मिक झालो. मी धार्मिक नाही, मी लाजलेला माणूस आहे. आणि सहा वर्षांपूर्वी एका सिग्नलला माझ्या शेजारी कामगारांची कंपनी बस येऊन थांबली. वर बघतो तर ड्रायव्हरच्या सीटवर सुदाम. केस गेलेले, गाल बसलेले, पण भुवया त्याच. मी वाकून सीटखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागलो. काही पडलेलं नव्हतं. हिरवा दिवा लागेपर्यंत मी शोधत राहिलो.

तर गेल्या वर्षी कुणा रिकामटेकड्याने ती कॅसेट इंटरनेटवर टाकली. लाखो लोकांनी ऐकली म्हणे. खाली सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, ती शेवटची किंकाळी. ब्राझीलचा माणूस लिहितो, जपानचा लिहितो. नसरुद्दीन पेटला. आता दुसरा अल्बम, यल्ला, चला, आता नाही तर कधी. चिपळूणहून सदानंदला त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान मुलाच्या गळ्यात घालायला लावून व्हिजिट व्हिसावर बोलावलं. दहा गाणी, पैकी पहिलं तेच जुनं, नव्याने, कारण लोकांना ते हवंय. मी नको नको म्हणत हो म्हणालो. का म्हणालो? हावरट आहे म्हणून. एवढ्या लोकांनी आपल्याला वाखाणलं तर ते आपल्याला नव्हतंच हे कळूनही बरं वाटतं, माणूस इतका भिकार असतो. सगळी वाद्यं वाजवून झाली होती. माझं गाणं तेवढं उरलं होतं, आणि सदानंदच्या परतीला आठ दिवस.

तो आठवडा वाईट गेला. शनिवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी एकटा होतो आणि कुणीतरी श्वास घेतला. गाण्याआधी घेतात तसा, पोट भरून, आणि मग काहीच नाही. मी म्हटलं लिफ्टचा पंखा. रविवारी जेवताना उजमा पाणी ओतत होती, तांब्याच्या आवाजाआड पुन्हा तोच श्वास, माझ्या डाव्या कानाशी, आणि मी मान वळवली. ती म्हणाली काय झालं, मी म्हटलं काही नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावला. मग म्हणाली, तुम्ही आयुष्यात एक गोष्ट मला सांगितलेली नाही, ती कोणती ते मी विचारणार नाही, पण आता वय झालं, सांगून टाका कुणाला तरी. बायका कुठून ओळखतात कोण जाणे. रात्री अंथरुणात पडून मी ते गाणं मोबाइलवर ऐकलं, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. तो वरचा आवाज माझा नव्हता यात शंका नव्हती. पण सुदामचा म्हणून ऐकायला गेलो तर तोही बसेना. बाईचा वाटत नव्हता, पुरुषाचाही नाही, वयही कळत नव्हतं. घाबरलेला मात्र अजिबात नव्हता. आम्ही त्या दिवशी दोघंही घाबरलेलो होतो.

मंगळवारी ड्युटी सुटल्यावर मी सुदामला शोधायला बरवा अल बराहाला, कामगारांच्या वसाहतीत, गेलो. ऊन उतरत होतं. सारख्या दिसणाऱ्या इमारतींच्या रांगा, गॅलऱ्यांतून वाळत घातलेले युनिफॉर्म. बसच्या पार्किंगमध्ये दोनचार ड्रायव्हरांना विचारलं, महाराष्ट्रवाला सुदाम, आणि तिसऱ्याने बोट दाखवलं. तो बसच्या पायरीवर बसून चप्पल शिवत होता. मला बघून उठला नाही, दचकला नाही. ये, बस की, असं म्हणत त्याने जागा करून दिली. मी वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. तो आवाज तुझा होता, नाव मी लाटलं, माफी मागायला आलोय, आणि या वेळी तूच गा, तुझंच नाव छापू. ऐकून तो बराच वेळ दोऱ्याला गाठ मारत राहिला. मग म्हणाला, "मी नाय गायलो, मुनाफ. माज्या तोंडातून खालचाच आवाज निगत होता, तुला आधार म्हणून. वरचा तुजा होता."

मी म्हटलं चेष्टा करू नकोस. तो म्हणाला चेष्टा कशाला करू, तुझ्या गळ्यातून इतक्या जवळ तसा आवाज निघाला म्हणून तर मला रडू फुटलं, आणि तू मिठी मारलीस ती आनंदाची, असं मी समजलो. सगळ्यांना सांगितलंही म्हणे त्याने, गावात, बायकोला, मुलांना, की त्या गाण्याच्या वेळी मी मुनाफच्या बाजूला उभा होतो. मग थोडं थांबून म्हणाला, सिग्नलला तू खाली वाकलास ते मी बगितलेलं. म्हटलं मोठा माणूस झाला, ओळख नको असंल. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. चोरी केलीच नव्हती, मग तेहतीस वर्षं मी कशाची शिक्षा भोगली? कुणासाठी तोंड बंद ठेवलं? डोकं धरून बसावंसं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला. माझा गळा त्या दिवशी बसला होता. वरचा सूर मी नव्हतो गायलो. सुदामने चप्पल पायात घातली, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यालाही ते कळलं असावं. कारण तो अगदी हळू म्हणाला, तू पण खालीच गात होतास काय रे?

शुक्रवारी मी त्याला शेडवर घेऊन गेलो. सदानंदने सुद्या म्हणून त्याच्या पाठीत गुद्दा घातला, नसरुद्दीनने जुन्या मेकअपवाल्याचं मनापासून स्वागत केलं, आणि मी त्यांच्यासमोर सगळं कबूल केलं. कुणी रागावलं नाही. मी इतकी वर्षं ज्याला भीत होतो ते असं दोन मिनिटांत, चहा गाळता गाळता उरकलं. वरुणने जुना आवाज पुन्हा लावला आणि या वेळी डोळे मिटून ऐकला. खालच्या आवाजावर तो थांबला, मागे गेला, पुन्हा ऐकलं. म्हणाला, माझी चूक झाली, हा खालचा एक माणूस नाही, दोन आहेत, एकावर एक, म्हणून जाड वाटतो. मग वरचा? नसरुद्दीनने विचारलं. वरुण म्हणाला, तो तिसरा. मग तोच घाईने म्हणाला की जुनी टेप आहे, शेजारच्या ट्रॅकवरचं काही उमटलं असेल, चला, नवीन करू, दोन माइक लावतो, दोघांचं वेगवेगळं रेकॉर्ड होईल, सगळा खुलासा होईल.

आधी एकेकटे गायलो. सुदामचा आवाज डिझेलच्या धुराने खाल्लेला, अर्ध्यातच बसला. माझा त्याहून वाईट. सदानंद दुसरीकडे बघायला लागला. मग दोघं एकत्र, आपापला माइक, आपापला हेडफोन. दार लागलं आणि त्या काळ्या स्पंजने बाहेरचं सगळं पिऊन टाकलं. गाणं सुरू झालं. मी खालचा सूर धरला, सुदामने तोच धरला, आणि त्याचा आवाज माझ्या आवाजावर असा नीट बसला की कुठला कुणाचा ते मला सांगता येईना. बरं वाटलं, खूप बरं वाटलं, एवढं खरं सांगतो. आणि ती जागा आली. आम्ही दोघं खालीच होतो. मी सुदामकडे बघत होतो आणि सुदाम माझ्याकडे, दोघांची तोंडं एकाच अक्षरावर उघडी, आणि आमच्या वर तो आवाज गेला, तसाच, तेवढाच तरुण, आणि तिथे राहिला. सुदामने माझं मनगट धरलं. काचेपलीकडे नसरुद्दीन उड्या मारत होता.

बाहेर आलो तेव्हा वरुण हसत नव्हता. त्याने माझा एकट्याचा ट्रॅक लावला. खालचा सूर, म्हाताऱ्याचा, वर काही नाही. सुदामचा एकट्याचा लावला. खालचा सूर, वर काही नाही. मग दोन्ही एकत्र लावले आणि शेड त्या किंकाळीने भरून गेली. त्याने पुन्हा वेगळे केले, पुन्हा एकत्र केले. सदानंदच म्हणाला की यात घाबरायचं काय, तंबोऱ्याच्या तारा नीट जुळल्या की न छेडलेला गांधार आपोआप वाजतो, आमच्या गुरुजींनी दाखवला होता, दोन सूर इतके जुळले की तिसरा निघणारच. बाकीच्यांना ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं. पण वरुणने पडद्यावर बोट ठेवून एक जागा ऐकवली, किंकाळीच्या जरा आधीची. आम्ही दोघं मागच्या ओळीचा शेवटचा शब्द अजून गात आहोत, आणि त्याच्या आत कुणीतरी पोट भरून श्वास घेतंय. तंबोरा श्वास घेत नाही, असं वरुण म्हणाला आणि त्याने आवाज बंद केला.

मग नसरुद्दीनने, व्यवहारी माणूस, विचारलं की ते काहीही असो, गाणं झकास झालंय, आता नाव काय टाकायचं, गायक म्हणून कुणाचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेहतीस वर्षं मी या प्रश्नाला भीत आलो होतो. मी म्हटलं, सुदाम, आपल्या दोघांचं टाकू. त्याने मान हलवली. "आपलं नको," तो म्हणाला. "ज्याने गायलं त्याचं लिव."

नसरुद्दीन हसला, त्याला तो विनोद वाटला. खलास, नावाचं मागाहून बघू, अजून नऊ गाणी आहेत, सदानंदचा व्हिसा संपतोय, यल्ला. सुदामला पाचला बस काढायची होती, तो निघून जाऊ शकला असता. मीही घसा दुखतो म्हणून उठलो असतो तर कुणी अडवलं नसतं, ती थाप मी आधी एकदा वापरलेली आहे. आम्ही दोघं उठलो. आत गेलो, दार लावलं. मला भीती वाटत होती, आणि आयुष्यात कधी नव्हे इतकं गावंसं वाटत होतं. हेडफोन घालताना सुदाम आपला माइक घेऊन जरा उजवीकडे सरकला, मी माझा घेऊन डावीकडे सरकलो, आणि आमच्या मधे एक माणूस आरामात उभा राहील एवढी जागा झाल्यावर आम्ही वरुणला सुरू कर म्हणून खूण केली.